मोल कसा मोजायचा: वजन काट्यावर, हिशोब डोक्यांचा

माझी पुतणी दहावीपर्यंत मराठी मीडियमला होती, आता अकरावी सायन्स, आणि परवा तिने वही आपटून विचारलं की काका हे मोल म्हणजे नक्की कशाचं मोल, कशाची किंमत काढायची असते यात? मला हसू आलं पण प्रश्न रास्त होता, कारण आपल्याकडे मोल म्हटलं की मोलमजुरी आठवते, मोलभाव आठवतो, आणि त्याच शब्दाच्या वेशात हा एक जर्मन पाहुणा येऊन बसलाय हे वर्गात कोणी सांगतच नाही. हा मोल म्हणजे मोलेक्यूल या शब्दाचा तुकडा. किंमतीशी काही देणंघेणं नाही. तो नुसता आकडा आहे, डझनासारखा. डझन म्हणजे १२, कागदाचा दस्ता म्हणजे २४, आणि मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. बस एवढंच.

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबला आहे, दिवसभर हेच करतो, म्हणून तिला जसं समजावलं तसंच इथे लिहितोय. फॉर्म्युले देवनागरीत लिहितोय, एच२ओ असे, तुम्ही वहीत नेहमीसारखे इंग्रजी अक्षरांत लिहा आणि आकडा खाली बारीक.

आता तो आकडा. ६०२ कोटी कोटी कोटी. तीनदा कोटी, टायपो नाही. आपल्या जुन्या एकं दहं शतं मध्ये शेवटची पायरी परार्ध, म्हणजे एकावर १७ शून्यं, तेही इथे पुरत नाही, ६० लाख परार्ध होतात. पण खरं सांगू का, या आकड्याला घाबरून जे लोक अडकतात ते उगाच अडकतात, कारण दहातल्या आठ गणितांत तो वापरावाच लागत नाही. किराणावाला अंडी डझनाने देतो तेव्हा दर वेळी १२ ने गुणत बसतो का? दोन डझन, अर्धा डझन, झालं.

मग मोल लागतोच कशाला? त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात चला. समजा एका बोल्टचं वजन ३० ग्रॅम, नट १० ग्रॅम, वायसर २ ग्रॅम. गिऱ्हाईक म्हणतं ५०० सेट द्या, प्रत्येक बोल्टला एक नट आणि दोन वायसर. दुकानदार काही मोजत बसत नाही, तो काट्यावर १५ किलो बोल्ट टाकतो, ५ किलो नट टाकतो, २ किलो वायसर टाकतो, पिशवीला गाठ मारतो. वजन केलं पण मोजले नग. आता एखादा शहाणा म्हणाला की असं कसं, सगळं सारखं द्या, ५ किलो बोल्ट आणि ५ किलो नट, तर बोल्ट होतील १६६, नट ५००, आणि घरी जाऊन ३३४ नट हातात घेऊन बसावं लागेल. (पुढे लिमिटिंग रिएजंट नावाचं जे भूत येतं ना, ते हेच, बोल्ट संपले म्हणून काम थांबलं.)

केमिस्ट्रीत तंतोतंत हेच चालू असतं. अणू एकमेकांना ग्रॅमच्या हिशोबाने भेटत नाहीत, नगाच्या हिशोबाने भेटतात, एकाला एक, एकाला दोन. आणि आपल्याकडे असतो फक्त काटा. मोल हा त्या दोघांच्या मधला दुभाषा.

दुकानदाराला एका बोल्टचं वजन माहीत लागतं, तसं आपल्याला अणुवस्तुमान माहीत लागतं. हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३, ॲल्युमिनियम २७, सल्फर ३२, क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९, कॅल्शियम ४०. हे दहा पाठ करा, बाकीचे लागतील तेव्हा बघा. आता यातली गंमत अशी की जो आकडा अणुवस्तुमानाचा तेवढेच ग्रॅम घेतले की बरोब्बर एक मोल होतो. १२ ग्रॅम कार्बन, एक मोल. २३ ग्रॅम सोडियम, एक मोल. हा योगायोग नाही, मोल मुद्दाम तसाच ठरवला होता, कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममध्ये जितके अणू तितका मोल. २० मे २०१९ पासून व्याख्या उलटी केली, आता आकडाच कायमचा ठरवून टाकलाय, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, बरोब्बर एवढाच. तुमच्या गणितात त्याने काडीचा फरक पडत नाही. आणि ज्याच्या नावाने हा आकडा ओळखतात त्या ॲव्होगॅड्रोला तो आयुष्यात कधी माहीतच नव्हता, त्याने १८११ मध्ये एवढंच म्हटलं होतं की तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्या सारखी असते. आकड्याला त्याचं नाव दिलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेरॅंने १९०९ मध्ये, तोवर ॲव्होगॅड्रो जाऊन अर्धं शतक उलटलं होतं.

आता फॉर्म्युला वाचायला शिका, कारण मोलच्या गणितात चुका होतात त्यातल्या अर्ध्या मोलच्या नसतातच, फॉर्म्युला नीट न वाचल्याच्या असतात. फॉर्म्युला म्हणजे हजेरीपट. कोण किती जण आलेत एवढंच तो सांगतो. एच२ओ: हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक. अक्षराच्या मागे बारीक आकडा नसेल तर एक धरायचा. कंसाच्या बाहेर आकडा असेल तर तो कंसातल्या सगळ्यांना लागू, फक्त शेवटच्याला नाही. ॲल्युमिनियम सल्फेट घ्या, एएल२(एसओ४)३. ॲल्युमिनियम २, सल्फर ३, ऑक्सिजन चार त्रिक १२. एकूण १७ अणू. सगळ्यांच्या अणुवस्तुमानांची बेरीज केली की रेणुवस्तुमान: ५४ अधिक ९६ अधिक १९२, म्हणजे ३४२. (आपली साखर, सी१२एच२२ओ११, तीही ३४२ च. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण मला हे कधी विसरायला होत नाही.)

पुढे लावलेला मोठा आकडा आणि खालचा बारीक आकडा यांत गल्लत करू नका. २एच२ओ म्हणजे पाण्याचे दोन रेणू. एच२ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर ओतलं की फेस येतो ते. समीकरण बॅलन्स करताना खालचा आकडा बदलून जमवणारी मुलं मी पाहिलीत, म्हणजे हिशोब जुळावा म्हणून पाण्याचं पेरॉक्साइड करून मोकळे.

फॉर्म्युला लिहायचा असेल तर संयुजा, म्हणजे दुसऱ्याला धरायला कोणाला किती हात तो आकडा. ॲल्युमिनियमची ३, सल्फेटची २, तिरकस अदलाबदल करा, ॲल्युमिनियमच्या खाली २, सल्फेटच्या खाली ३, झाला वरचा फॉर्म्युला. कॅल्शियम आणि ऑक्सिजन दोघांची २, अदलाबदल केली तर सीए२ओ२ येतं, ते दोनाने भागून सीएओ, हाच आपला कळीचा चुना. भागायचं विसरतात. लोखंडासारख्या काही धातूंना दोन संयुजा असतात, कधी २ कधी ३, म्हणून एफईसीएल२ आणि एफईसीएल३ दोन्ही खरे, कुठला ते नावात रोमन आकड्याने सांगितलेलं असतं.

अजून एक, प्रश्नात नुसतं "एक मोल ऑक्सिजन" असेल तर थांबा. ऑक्सिजनचे अणू की रेणू? अणू असतील तर १६ ग्रॅम, ओ२ चे रेणू असतील तर ३२. दोन डझन चपला म्हणजे २४ चपला की २४ जोड, तसला गोंधळ आहे हा.

आता मुख्य रीत. मी पुतणीला सांगितलं की मोल म्हणजे दादर स्टेशन समज. कल्याणहून बोरिवलीला जायचंय, एक सेंट्रल एक वेस्टर्न, तर दादरला उतरून गाडी बदल. तसं एका पदार्थाच्या ग्रॅमवरून रेणूंच्या संख्येकडे जायचंय, मोलला उतर. एका पदार्थाच्या ग्रॅमवरून दुसऱ्या पदार्थाच्या ग्रॅमकडे जायचंय, तरी मोलला उतर. ग्रॅम ते ग्रॅम थेट गाडी नाही. ग्रॅमला रेणुवस्तुमानाने भागलं की मोल, मोलला रेणुवस्तुमानाने गुणलं की ग्रॅम, आणि मोलला त्या मोठ्या आकड्याने गुणलं की नग. गुणायचं की भागायचं हे पाठ करू नका, काट्यावरचा बोल्ट आठवा: १५ किलो बोल्ट, एकाचं वजन ३० ग्रॅम, नग किती? भागणार ना? तेच.

करून बघू. चहाचा एक चमचा पाणी, ५ ग्रॅम. पाण्याचं रेणुवस्तुमान १८. ५ भागिले १८ म्हणजे ०.२७८ मोल, नग हवे असतील तर १.६७ गुणिले १० चा २३ वा घात. आता ५ ग्रॅम साखर. ५ भागिले ३४२, ०.०१४६ मोल. वजन सारखं, पण पाण्याचे रेणू साखरेच्या १९ पट. ग्रॅम कसा फसवतो ते इथे दिसतं.

हे कागदावर पटत नसेल तर घरी करा, मी केलंय. खाण्याचा सोडा, एनएएचसीओ३, वस्तुमान ८४. तापवला की दोन सोड्यांचा मिळून एक सोडियम कार्बोनेट होतो, एनए२सीओ३, वस्तुमान १०६, आणि एक पाणी एक कार्बन डायऑक्साइड उडून जातात. मी स्टीलची जाड बुडाची पातेली आधी रिकामी वजन करून ठेवली, त्यात ४२ ग्रॅम सोडा घेतला, म्हणजे अर्धा मोल, आणि मंद गॅसवर ठेवून चमच्याने हलवत राहिलो. थोड्या वेळात पावडर पाणी उकळावं तशी खदखदायला लागते, पूर्ण कोरडी असूनसुद्धा, कारण खालून वायू वाट काढत वर येत असतो, आणि बघायला जाम मजा येते, बायको म्हणाली आता हे काय नवीन. खदखद थांबली, गार केलं, वजन केलं, परत पाच मिनिटं तापवलं, परत वजन, आकडा हलेनासा झाला की थांबायचं. आता आधी गणित करा: अर्धा मोल सोडा, दोनाला एक, म्हणजे पाव मोल कार्बोनेट, १०६ चा पाव, २६.५ ग्रॅम. किचनच्या काट्यावर मला २७ दिसले. तो काटा एका ग्रॅमच्या खाली दाखवतच नाही, म्हणजे याहून बरोबर तो येऊच शकत नव्हता! पुतणी गप्प. ४२ तले साडेपंधरा ग्रॅम हवेत गेले आणि किती जाणार ते आपल्याला आधीच माहीत होतं. फक्त बेकिंग पावडर घेऊ नका, तिच्यात स्टार्च असतो, तो करपतो. ॲल्युमिनियमचं भांडं नको. आणि जे उरलं ते खायचा सोडा राहिलेला नाही, परत डब्यात भरू नका, डोळ्याला हात लावू नका, भांडी घासायला वापरून टाका.

आता टिंबवाले फॉर्म्युले, आणि इथे माझी स्वतःची फजिती. नोकरीला लागून महिना झाला असेल, मला ०.१ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड बनवायला सांगितलं, म्हणजे एका लिटरमध्ये ०.१ मोल. मी फॉर्म्युला आठवला एच२सी२ओ४, वस्तुमान ९०, म्हणून ९ ग्रॅम तोललं, फ्लास्कला मार्कपर्यंत पाणी केलं, लेबल लावलं, एकदम रुबाबात. मग त्यातलं १० मिली फ्लास्कमध्ये घेऊन वरून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, ०.१ मोलर कॉस्टिक सोडा सोडायला लागलो. ॲसिड संपलं की इंडिकेटर गुलाबी होतो, आणि एका ऑक्झॅलिकला दोन कॉस्टिक लागतात, म्हणून गुलाबी रंग २० मिलीला यायला हवा, आला १४.३ ला. परत केलं, परत १४.३. मी ब्युरेटला शिव्या घातल्या, कॉस्टिकवर संशय घेतला, इंडिकेटर नवा केला, अर्धा दिवस गेला. शेवटी सिनियर येऊन काही न बोलता बाटली फिरवून लेबल माझ्यासमोर धरून उभे राहिले. लेबलवर फॉर्म्युल्याच्या पुढे टिंब देऊन २एच२ओ लिहिलेलं होतं. म्हणजे प्रत्येक ऑक्झॅलिक रेणूच्या सोबत स्फटिकात दोन पाणी, खरं वस्तुमान ९० नाही १२६. ९ ग्रॅममध्ये ०.१ मोल नव्हताच, ०.०७१ होता. २० ला ९०/१२६ ने गुणा, १४.३ येतात. ब्युरेट पहिल्यापासून खरं बोलत होतं. तेव्हापासून मी बाटली हातात घेतली की आधी टिंब शोधतो. टिंब म्हणजे गुणाकार नाही, "सोबत" असं वाचा. मोरचूद सोबत पाच पाणी, धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकासोबत दहा, तुरटीसोबत बारा, आणि वजन करताना हे सगळं पाणी काट्यावर येतंच.

फॉर्म्युल्यावरून टक्के काढणं सोपं आहे. युरिया, सीओ(एनएच२)२, वस्तुमान ६०, त्यात नायट्रोजन दोन म्हणजे २८, २८ भागिले ६० म्हणजे ४६.७ टक्के. गावाकडे गोणीवर ४६ टक्के नायट्रोजन लिहिलेलं असतं ते हेच. उलटं, म्हणजे टक्क्यांवरून फॉर्म्युला, हे थोडं डोकं खातं पण तिथेही दादरलाच उतरायचं. समजा कार्बन ४० टक्के, हायड्रोजन ६.६७, ऑक्सिजन ५३.३३. टक्के म्हणजे १०० ग्रॅममधले ग्रॅम समजा, प्रत्येकाला आपापल्या अणुवस्तुमानाने भागा: ३.३३, ६.६७, ३.३३. सगळ्यांना सगळ्यात लहान आकड्याने भागा: १, २, १. आला सीएच२ओ. पण हा नुसता सांगाडा, प्रमाण सांगतो, खरी संख्या नाही. सांगाड्याचं वस्तुमान ३०. पदार्थाचं रेणुवस्तुमान ३० च असेल तर तो फॉर्माल्डिहाइड, ज्याच्या द्रावणात बेडूक बुडवून ठेवतात. ६० असेल आणि वास आंबट असेल तर व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड. १८० असेल तर सहा पट, सी६एच१२ओ६, बहुतेक ग्लुकोज. तिघांचे टक्के अगदी सारखे, म्हणून रेणुवस्तुमान दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ग्लुकोज निघालंच आहे तर शेवटचं गणित, आणि हे मला सगळ्यात आवडतं. केमिस्टकडून ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट आणा, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं, टेट्रापॅकमधलं गोड सरबत नको. मागे छापलेलं असतं: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. नुसतं बघितलं तर काय कळतं? काही नाही, साखर भरपूर आणि मीठ चिमूटभर असं वाटतं. मोल करा. ग्लुकोज १३.५ भागिले १८०, ०.०७५ मोल, म्हणजे ७५ मिलीमोल. आता सोडियम. मिठातून २.६ भागिले ५८.५, ४४.४ मिलीमोल. पण सोडियम सायट्रेटमध्येही आहे, एनए३सी६एच५ओ७ आणि टिंबानंतर दोन पाणी, वस्तुमान २९४ (टिंब विसरलात तर २५८, माझ्यासारखं). २.९ भागिले २९४ म्हणजे ९.९ मिलीमोल सायट्रेट, प्रत्येकात सोडियम तीन, म्हणून साधारण २९.६. बेरीज ७४. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात ७५ असतं, पाकिटावर ग्रॅम एका दशांशापर्यंतच छापतात म्हणून एवढा फरक.

म्हणजे सोडियम ७५, ग्लुकोज ७५. एकास एक! आतड्याच्या पेशीत सोडियम ग्लुकोजच्या सोबतीने आत शिरतं आणि मागोमाग पाणी शोषलं जातं, म्हणून हे दोघं जोडीने द्यायचे असतात. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं असंच पाणी पाजलं होतं, प्रमाण तेव्हाचं वेगळं, जोडी हीच. पाकिटावरच्या १३.५ आणि २.६ मध्ये ही जोडी कुठेच दिसत नाही, ती मोलमध्येच दिसते.

पोटॅशियम काढा, २० येईल. मग क्लोराइड काढा. उत्तर ६५ च्या आसपास यायला हवं, ४४ आलं तर पोटॅशियम क्लोराइडमधलं क्लोराइड धरायचं राहिलंय.